हैदराबाद ते मुंबई : अंतर आणि काळ

हैदराबादहून मुंबई किती दूर, या प्रश्नास भूगोल एक उत्तर देतो, तर इतिहास अनेक. सरळ रेषेत हे अंतर सुमारे 620 किलोमीटर भरते. लोहमार्गाने ते 790 च्या आसपास जाते. ही वाढ केवळ घाटांमुळे व नद्यांमुळे झालेली नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने पुणे-सोलापूरवरून रूळ नेले, ते मद्रास गाठण्यासाठी. 1871 मध्ये रायचूर येथे दोहों बाजूंचे मार्ग जुळले आणि निजामाची राजधानी एका अंगास राहिली. मग वाडीपासून सिकंदराबादपर्यंत निराळा फाटा बांधावा लागला. तो 1874 मध्ये खुला झाला. वाडीवरून मुंबईस जाणारा प्रवासी आजही त्या जुन्या निर्णयाचे वळण घेतो.

या वळणाने येथील मराठीवर उपकारच केले, असे आम्हांस वाटते. सोलापूर आणि पुणे ही गावे त्यामुळे हैदराबादकरांच्या वाटेवर आली. येथे 1907 मध्ये विवेकवर्धिनी शाळा निघाली. 1931 मध्ये डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले. त्या काळी पुण्यामुंबईचा पाहुणा काय किंवा ग्रंथांचे गाठोडे काय, येथवर यावयाचे ते प्रायः आगगाडीनेच.

पुढे आकाशमार्ग खुला झाला. 1945 मध्ये निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील वर्षी बेगमपेठहून तिची डकोटा विमाने उडू लागली. 1953 मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. डकोटाचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरांच्या घरातला. त्या हिशेबाने मुंबई सव्वादोन तासांवर येते. आजच्या जेट विमानास सव्वा ते दीड तास पुरतो. तथापि 2008 च्या मार्चमध्ये प्रवासी विमानसेवा शहरातील बेगमपेठ सोडून दूर शमशाबादेस गेली. आकाशात वाचलेल्या वेळेपैकी बराचसा आता विमानतळ गाठण्यातच खर्ची पडतो.

परंतु जवळीक केवळ किलोमीटरांनी वा तासांनी ठरत नाही. नांदेडचेच उदाहरण घ्या. तेथून सरळ रेषेत हैदराबाद सुमारे 230 किलोमीटर, तर मुंबई त्याच्या दुप्पट. असे असूनही 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कारण तेथे भाषेचे माप लागले. 1958 मध्ये औरंगाबादेस विद्यापीठ निघाले आणि उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरण्याची मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना पूर्वीसारखी गरज उरली नाही. ते योग्यच झाले. मात्र येथील मराठी शाळांना व संस्थांना जो ताजा ओघ मिळत असे, तो त्यामुळे क्षीण झाला. विमानाने मुंबई जवळ आणली. नांदेडचे सरकलेले अंतर भरून काढणे त्याच्या आवाक्यातले नव्हते.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींस आमची एक सूचना आहे. हैदराबाद-मुंबई अंतर शिकविताना विमानाचा वेळ अवश्य सांगावा. पण मुलांकडून वाडी, सोलापूर, पुणे ही नावेही नकाशावर शोधवून घ्यावीत. मनमाडकडे जाणाऱ्या दुसऱ्या मार्गावरील नांदेड, परभणी, जालना हीही दाखवावीत. वरून उडून जाणाऱ्यास ही गावे दिसत नाहीत. हैदराबादच्या मराठीचा आधार मात्र त्याच गावांत होता आणि पुढेही तो तेथेच शोधावा लागेल.