रंगांधत्व

रंगांधत्व : विशिष्ट रंगांमधला फरक डोळ्यांना न कळणे किंवा कमी कळणे. नजर तीक्ष्ण असूनही हा दोष असू शकतो, त्यामुळे अक्षरांचा तक्ता घडाघडा वाचणाऱ्यातही तो लपून राहतो.

रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांना तो जिरेनियमच्या फुलामुळे उमगला. इतरांना गुलाबी दिसणारे हे फूल त्यांना दिवसा आकाशी दिसे, मेणबत्तीच्या उजेडात मात्र लाल! त्यांच्या भावालाही तसेच दिसे. १७९४ मध्ये त्यांनी मँचेस्टरला यावर निबंध वाचला. डोळ्यातला द्रव निळसर असावा, हा त्यांचा तर्क मृत्यूनंतरच्या तपासणीत खोटा ठरला. जपून ठेवलेल्या डोळ्यांतील डीएनए १९९५ मध्ये तपासला, तेव्हा खरे कारण कळले : हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या रंगद्रव्याचे जनुकच त्यांच्यात नव्हते.

दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांतले एखादे रंगद्रव्य बिघडलेले असेल तर दोष सौम्य राहतो. मुळीच नसेल तर तीव्र होतो. लाल-हिरव्याची गल्लत सर्वांत जास्त आढळते. लाल रंगद्रव्य नसेल तर लाल रंग काळपटही दिसतो. लाल आणि हिरव्या रंगद्रव्यांची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाला एकच एक्स, तोही आईकडून मिळतो. म्हणून आजोबांचा दोष मुलीला न जाणवता नातवात उतरू शकतो. उत्तर युरोपीय वंशात सुमारे ८ टक्के पुरुष रंगांध असतात, स्त्रिया जेमतेम अर्धा टक्का. निळ्या-पिवळ्याचा आनुवंशिक दोष विरळा; त्याचे जनुक सातव्या गुणसूत्रावर असल्याने तो स्त्री-पुरुषांत सारखाच आढळतो.

शंकुपेशी कामच करत नसतील तर जग करड्या छटांचे दिसते आणि ऊन सोसत नाही. पॅसिफिकमधल्या पिंगेलॅप बेटावर १७७५ च्या सुमारास वादळातून मोजकेच लोक वाचले. त्यांच्या वंशजांत हा एरवी दुर्मीळ दोष बराच आढळतो.

काचबिंदू, मधुमेह, नेत्रतंत्रिकेचा दाह यांमुळे रंगदृष्टी नंतरही बिघडते. क्षयावरच्या एथॅम्ब्युटॉलने लाल-हिरवे ओळखणे अवघड होऊ लागले, तर डॉक्टरांना लगेच सांगावे लागते.

ठिपक्यांमध्ये दडलेले आकडे ओळखायला लावणारी चाचणी जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांची, १९१७ ची. आनुवंशिक दोषावर रूढ उपचार नाही. रंगीत भिंगांनी काहींना फरक थोडा ठळक जाणवतो, इतकेच. रेल्वे, विमानसेवा अशा कामांत रंगदृष्टी तपासली जाते. सरसकट बंदी मात्र टिकत नाही : पुण्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेने आपले सर्व अभ्यासक्रम रंगांध उमेदवारांना खुले करावेत, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.