नवांतले दोघे

गेल्या दिवाळीत शिरड शहापूरच्या घरी पुतण्याने ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ लावला. सिडनी ल्युमेटचा १९५७चा चित्रपट. बापाच्या खुनाचा आरोप असलेला पोरगा, बंद खोली, उकाडा आणि बारा ज्यूरर. अकरा जण ‘दोषी’ म्हणतात, एकटा म्हणतो, आधी बोलू तरी. चित्रपट संपल्यावर पुतण्याने विचारले, “काका, आपल्याकडे असं कधी झालं होतं का?”

मला १९०८चा जुलै आठवला. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. खटला मुंबई हायकोर्टातला. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या ‘केसरी’तील लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा आरोप होता. लेख मराठीत, पण ते तोलायचे इंग्रजी भाषांतरावरून. सरकारने स्पेशल ज्यूरी मागितली. अशा ज्यूरीत गोऱ्यांचाच भरणा होईल आणि त्यांना मराठी कळणार नाही, म्हणून टिळकांच्या बाजूने विरोध झाला. तो फेटाळला गेला. नवांत सात युरोपियन आणि दोन पारशी बसले. न्यायासनावर होते दिनशा दावर, १८९७च्या खटल्यात टिळकांचेच वकील!

टिळकांनी स्वतःच बाजू मांडली. एकवीस तासांहून अधिक बोलले, भाषांतरातल्या शब्दाशब्दावर अडले. २२ जुलैच्या रात्री ज्यूरी आत गेली आणि सव्वा तासाने बाहेर आली. सात विरुद्ध दोन : दोषी. सहा वर्षे काळेपाणी. मुंबईच्या गिरणी कामगारांनी पुढे सहा दिवस संप केला.

चित्रपटातला एकटा माणूस जिंकतो, तो केवळ शहाणा म्हणून नव्हे. तिथे बाराही जणांचे एकमत लागते, म्हणून अकरांना त्याचे ऐकून घेणे भाग पडते. इथल्या कायद्यात नवांपैकी सहांचे मत आणि न्यायाधीशाची संमती पुरेशी होती. त्या दोघांचा ‘नाही’ नुसता मोजला गेला. त्यावर कुणाला थांबावे लागले नाही. १८९७मध्येही हेच झाले होते : सहा युरोपियन ‘दोषी’ म्हणाले, तीन हिंदी ज्यूरर ‘निर्दोष’. पूर्वग्रहाला आरडाओरडा करावा लागत नाही. बाकांची मांडणीच त्याचे काम करते.

उलट बाजूही पाहावी. १९५९च्या नानावटी खटल्यात गोऱ्यांचा प्रश्न नव्हता. नौदलातला रुबाबदार अधिकारी, वृत्तपत्रांनी पेटवलेली सहानुभूती. ज्यूरीने आठ विरुद्ध एक असे ‘निर्दोष’ ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही, प्रकरण हायकोर्टात गेले, जन्मठेप झाली आणि १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणजे त्या दिवशी एकटाच बरोबर होता. पुढे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही.

ज्यूरी गेली, पण चौघांनी मिळून एखाद्याला दोषी ठरवणे थांबले नाही. आमच्या गावातही पारावर बैठक बसते. कोपऱ्यातला कुणी “जरा थांबा” म्हणाला, की बाकीचे घड्याळ पाहतात. पुतण्याला मी एवढेच सांगितले : कोण बरोबर हे नंतर कळते, आधी त्याच्यासाठी थांबायची सोय लागते.