प्रिम

बटणे, हूक, टाचण्या व शिवणकामाचे इतर साहित्य बनविणारी जर्मन कंपनी. मुख्यालय आखेनजवळील श्टोलबर्ग येथे. कंपनी आपला आरंभ १५३० मधील आखेनचा सोनार विल्हेल्म प्रिम याच्यापासून मानते. प्रॉटेस्टंट असल्यामुळे पुढे या घराण्याला कॅथलिक आखेन सोडावे लागले. १६४२ पासून श्टोलबर्गला पितळकाम सुरू झाले. कंपनीची खरी ख्याती मात्र टिचबटणामुळे. त्याचे पेटंट हेरिबर्ट बाउअर याने १८८५ मध्ये घेतले होते, पण त्याची पकड भरवशाची नव्हती. हान्स प्रिम याने १९०३ मध्ये खोबणीत छोटी स्प्रिंग बसविली. तिच्यामुळे बटण घट्ट बसू लागले, तरी हलक्या ओढीने सुटे. श्रेय बहुधा एकट्या प्रिमला मिळते, हे बाउअरवर अन्यायाचेच. झिप व बटणांच्या बाजारात संगनमत केल्याबद्दल युरोपीय आयोगाने २००७ मध्ये ज्यांना दंड केला, त्यांत जपानी वायकेकेबरोबर प्रिमही होती.