दोनशे नवे गेम, आणि रोज तोच जुना मारिओ



गेल्या महिन्यात एक जोडपं दवाखान्यात आलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नवरा ३८ वर्षांचा, आयटी कंपनीत टीम लीडर. तक्रार बायकोची होती. "डॉक्टर, ह्याने सेलमध्ये घेतलेले दीडशे-दोनशे गेम कॉम्प्युटरवर पडून आहेत. एकही उघडत नाही. रोज रात्री जेवण झालं की लहानपणचा तोच मारिओ लावून बसतो. ह्या वयात हे असं मागे मागे जाणं बरं नाही ना?" नवरा ओशाळून हसला. म्हणाला, "खरं सांगू का, नवीन काही सुरूच करवत नाही. डोक्यात काही बिघाड झालाय का, तेवढं बघा."

मी बीपी बघितलं, झोपेबद्दल विचारलं, आणखीही बरंच विचारलं. त्याबद्दल शेवटी सांगतो. पण नंतर माझ्या लक्षात आलं की ४० वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. तेव्हा "न खेळलेले गेम" अशी गोष्ट कुणाच्या घरात नव्हती. तेव्हा ह्या प्रश्नाचा इतिहास आधी बघू. उत्तराचा निम्मा भाग त्यातच आहे.

संपणं माहीतच नसलेले गेम

जपानमध्ये १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' आला आणि १९८० साली 'पॅक-मॅन'. दोन्ही नाणं टाकून खेळायच्या मशीनवर. ह्या गेमना शेवट नव्हता. तुम्ही हरेपर्यंत गेम चालायचा, हरलात की दुसरं नाणं टाका आणि पहिल्यापासून सुरू करा. मालकाचा धंदाच त्यावर होता. म्हणजे पुन्हा खेळणं ही वेगळी सवय नव्हती. खेळणं याचा अर्थच पुन्हा खेळणं असा होता. पॅक-मॅनमधली भुतं ठरलेल्या नियमांनी चालतात, त्यामुळे आपण अगदी त्याच वळणांवर तसेच वळलो तर तीही तशीच वागतात. लोकांनी हे मार्ग पाठ केले. गेम बनवणाऱ्यांना इतकं कुणी खेळेल असं वाटलं नसावं, कारण २५६ व्या पातळीवर गेमचा आकडा मोजण्याचा हिशोबच कोलमडतो आणि अर्धा पडदा अगम्य अक्षरांनी भरून जातो. तिथपर्यंत पोचलेले लोक मात्र होते.

मग गेम घरात आला. १९८५ साली निन्टेन्डोने 'सुपर मारिओ ब्रदर्स' काढला. एकूण ३२ टप्पे, आणि सगळा गेम ४० किलोबाइटमध्ये. तुमच्या फोनमधला साधा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. ह्या गेमला शेवट होता, पण खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. आईने जेवायला हाक मारली आणि मशीन बंद केलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या टप्प्यातला तोच पहिला खड्डा.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात बहुतेक घरांत आलं ते निन्टेन्डोचं मशीन नव्हे, तर त्याची नक्कल. तुमच्यापैकी ज्यांचं बालपण त्या काळातलं आहे, त्यांना टीव्हीच्या मागची वायर, फुंकर मारून लावायची कॅसेट, आणि बातम्यांच्या वेळी बाबांशी होणारी वादावादी आठवत असेल. कॅसेटवर "९९९९ इन १" छापलेलं असे. उघडल्यावर कळायचं की मोजके दहा-पंधरा गेमच नावं बदलून पुन्हा पुन्हा दिलेत. मग मारिओ आणि काँट्रा हेच वर्षभर. काँट्रामध्ये तीस जीव मिळवण्याचा वर-वर-खाली-खाली करत जाणारा मंत्र चाळीतल्या प्रत्येक पोराला पाठ होता. (हा मंत्र मूळचा १९८६ सालच्या 'ग्रेडियस' नावाच्या गेममधला. तो तपासताना खुद्द बनवणाऱ्यालाच अवघड जात होता, म्हणून त्याने स्वतःसाठी केलेली ती पळवाट!) आम्ही जुनेच गेम पुन्हा खेळायचो ते आवडीने की नाइलाजाने, हे आज सांगता येणार नाही. दुसरा पर्यायच नव्हता, आणि बोटांना मात्र सगळं कायमचं पाठ झालं.

'अर्धवट' कधी जन्माला आलं?

माझ्या मते ह्या गोष्टीतलं खरं वळण एका छोट्या बॅटरीचं आहे. 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा गेम १९८६ साली जपानमध्ये डिस्कवर आला आणि १९८७ साली अमेरिकेत कॅसेटच्या रूपात. त्या कॅसेटच्या आत घड्याळात असतो तसा बॅटरीचा सेल होता. मशीन बंद केलं तरी तुम्ही कुठवर आलात हे ती कॅसेट लक्षात ठेवायची. आता गेम आठवडेच्या आठवडे चालू ठेवता येऊ लागला. गोष्ट लांबली, शेवट दूर गेला. आणि त्याबरोबर एक नवीन बोचणी आली: राहिलेला गेम. पॅक-मॅन कधी 'राहायचा' नाही.

पुढे १९९५ साली 'क्रोनो ट्रिगर' ह्या जपानी गेमने उलटी सोय केली. गेम संपवल्यावर कमावलेली ताकद घेऊन पुन्हा पहिल्यापासून खेळा, शेवट वेगळा होऊ शकेल. ह्या सोयीला त्यांनी दिलेलं 'न्यू गेम प्लस' हे नाव आजही चालतं. म्हणजे जे पूर्वी आपोआप व्हायचं, त्याला आता आमंत्रण द्यावं लागलं.

२००३ साली व्हॉल्व्ह कंपनीने 'स्टीम' सुरू केलं, आणि २००५ पासून त्यावर इतर कंपन्यांचे गेमही विकायला आले. दुकान घरात आलं, डबा गेला, आणि सेलमध्ये वडापावच्या किमतीत गेम मिळू लागले. घेतलेला गेम कपाटात जागा अडवत नाही, त्यामुळे घरातलं कुणी ओरडतही नाही. पुस्तकं घेऊन न वाचता रचून ठेवण्याला जपानी भाषेत 'त्सुंदोकु' असा जुना शब्द आहे. गेमवाले 'बॅकलॉग' म्हणतात. म्हणजे कचेरीतला तुंबलेल्या कामाचा शब्द! करमणुकीला आपण हे नाव दिलं तिथेच थोडी गडबड झाली, असं मला वाटतं.

मग डोक्यात काय चालतं?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात: हवंसं वाटणं आणि आवडणं. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवलं की मेंदूत ह्या दोन्हींची यंत्रणा सारखी नाही. डोपामिन हे रसायन प्रामुख्याने 'हवंसं वाटण्या'शी जोडलेलं आहे. नवीन गेमची जाहिरात, ७५ टक्के सवलत, संपत आलेली मुदत, ह्यांनी ते हवंसं वाटणं जागं होतं. 'विकत घ्या' हे बटण दाबलं की ती ओढ बरीचशी शमते. खेळून आवडणं ही पुढची, वेगळी पायरी. म्हणून नवीन विकत घेणारा आणि जुनं खेळणारा माणूस एकच असण्यात विरोधाभास नाही.

दुसरं म्हणजे कष्ट. १९९२ साली कॅलिफोर्नियात रिचर्ड हायर आणि सहकाऱ्यांनी आठ जणांना काही आठवडे 'टेट्रिस' खेळायला लावलं आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूचं पेट स्कॅन केलं. सरावाने त्यांचे गुण सातपटीच्या आसपास वाढले, आणि मेंदूच्या वरच्या थरात साखरेचा वापर मात्र कमी झाला. आठ माणसांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी सायकल शिकलेल्या प्रत्येकाला हे पटेल. नवीन गेम म्हणजे नवी बटणं, नवा नकाशा, नवी पात्रं, आणि पहिला तासभर आपण अडाणी. दिवसभर मीटिंगमध्ये निर्णय घेऊन रात्री दहाला खुर्चीत बसलेल्या माणसाला आणखी एक शिकवणी नको असते. हा आळस नव्हे.

शिवाय दोनशेतून एक निवडायचा, हेही कामच. २००० साली प्रसिद्ध झालेल्या शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांच्या प्रयोगात दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा चव घेणाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांनी जॅम घेतला, आणि ६ प्रकार मांडले तेव्हा ३० टक्के लोकांनी. पुढच्या काही अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

आणि पुन्हा खेळण्यात मजा कमी होते का? शिकागो विद्यापीठातले एड ओब्रायन यांनी २०१९ साली नेमकं हेच तपासलं. प्रदर्शन, सिनेमा, गेम पुन्हा अनुभवताना किती मजा येईल याचा लोकांचा अंदाज, प्रत्यक्ष आलेल्या मजेपेक्षा कमी निघाला. आधी सुटलेलं काही ना काही दुसऱ्या वेळी दिसतंच.

आमच्या धंद्याची जुनी चूक

"मागे मागे जाणं बरं नाही" हे वाक्य ऐकलं की मला १६८८ साल आठवतं. त्या वर्षी बासेलमध्ये योहानेस होफर नावाच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने वैद्यकीय प्रबंध लिहिला आणि दोन ग्रीक शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला. परतणे आणि वेदना. हा आजार म्हणून घडवलेला शब्द आहे! परदेशात लढायला गेलेल्या स्विस शिपायांना तो होतो, झोप उडते, भूक मरते, असं मानलं जाई. पुढे दीड-दोनशे वर्षं डॉक्टर त्यावर उपचार करत होते. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या लष्करी डॉक्टरांनीही हजारो सैनिकांच्या नावापुढे हे निदान लिहिलं. आज हा आजार कोणत्याही वैद्यकीय यादीत नाही. उलट २००६ पासून साउदम्प्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासांत दिसतं की एकटेपणा किंवा उदासी आली की माणूस जुन्या आठवणींकडे वळतो, आणि बहुतेकदा त्याला त्याने बरं वाटतं.

अशी चूक मीही केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी कॉलेजसाठी घर सोडून आलेल्या एका मुलाला त्याचे काका घेऊन आले होते. तो होस्टेलवर सतत एकच जुना क्रिकेटचा गेम खेळायचा. मी त्याला म्हटलं, "अरे, नवीन काहीतरी कर, नवीन मित्र कर." महिन्याभराने काकांनी फोन करून आनंदाने सांगितलं, "डॉक्टर, गेम सुटला!" मीही खूश झालो. गेम सुटला होता तो माझ्या सल्ल्याने नव्हे. त्याला आता कशातच रस उरला नव्हता. आवडीच्या गोष्टीतूनही आनंद न मिळणं हे नैराश्याचं मुख्य लक्षण, आणि मी त्याला सुधारणा समजलो. सुदैवाने पुढे त्याच्या रूममेटच्या लक्षात आलं, उपचार झाले, मुलगा बरा झाला. माझ्यामुळे दोन महिने गेले, ते गेलेच.

म्हणून आता मी गेम जुना की नवा हे विचारतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, पण त्यातही हा मुद्दा नाही. तिथे विचारलं जातं ते असं: खेळण्यावर ताबा राहिलेला नाही का, बाकी सगळ्यापेक्षा गेमच वरचढ झाला आहे का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का, आणि हे साधारण वर्षभर आहे का. (फार गंभीर असेल तर वर्षभर थांबायचीही गरज नाही.) त्याबरोबर मी माझा एक प्रश्न जोडतो: खेळताना अजून मजा येते का?

आमचे टीम लीडर रोज पाऊण तास खेळतात. काम नीट, झोप ठीक, मुलीचा अभ्यासही तेच घेतात. मजा येते का असं विचारल्यावर ते थोडं थांबले. मग म्हणाले, "बाबा गेले गेल्या वर्षी दिवाळीत. ते कधी गेम खेळले नाहीत. पण आठव्या वर्ल्डपर्यंत आलो की पेपर खाली ठेवून बघत बसायचे." बायकोने त्यांच्याकडे बघितलं. हे तिलाही माहीत नव्हतं.

औषध काही दिलं नाही. नवीन गेम खेळायचेच असतील तर रविवारी सकाळी, डोकं ताजं असताना, आणि यादी न उघडता आदल्या दिवशीच एक ठरवून, एवढं सुचवलं. परवा बाई स्वतःच्या थायरॉइडचा रिपोर्ट दाखवायला आल्या होत्या. नवीन एक सुरू केला होता म्हणे, दोन रविवार चालला. रात्रीचा मारिओ सुरूच आहे, आणि हल्ली पहिल्या टप्प्यात मुलगी खेळते, खड्डा आला की रिमोट बाबाच्या हातात देते.