चाळ सगळ्यांची होती, असे म्हणणारे कोण?

वरळीच्या बीडीडी चाळी पडू लागल्यापासून एक गोष्ट रोज वाचायला मिळते. जुनी चाळ किती छान होती, दारे दिवसभर उघडी असायची, वाटीभर साखर कुणाकडेही मागता यायची, गणपती सगळ्यांचा होता, जात कुणी विचारत नव्हते. सोबत जिन्याचा, गॅलरीचा, सामाईक नळाचा फोटो. माझे बालपण ह्याच चाळीतल्या १६० चौरस फुटांत गेले. फोटो बघून माझाही जीव कासावीस होतो. पण "जात कुणी विचारत नव्हते" ह्या वाक्यापाशी मी थांबते. विचारायची गरज नव्हती, कारण आमची चाळ कुठली एवढे सांगितले की जात कळत होती.

ह्या चाळी मायेपोटी कुणी बांधल्या नव्हत्या. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या उभ्या केल्या, म्हणून बीडीडी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, एकट्या वरळीत १२१. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, संडास आणि नळ सामाईक. सुरुवातीला भाडेकरू मिळेनात, कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. १९३० च्या कायदेभंगात सरकारने वरळीच्या चाळींत सत्याग्रही कोंडले. म्हणजे ज्या घराच्या आठवणीने आपण आज हळवे होतो, ते तुरुंग म्हणून वापरायला सरकारला फारशी फेरफार करावी लागली नाही!

गिरणगावाची आठवण काढताना "कामगारांची एकी" हा शब्द येतोच. एकी होती, खोटे कशाला बोलू. पण गिरणीच्या आत काय होते? विणकामाच्या खात्यात, म्हणजे साच्यावर, पगार जास्त होता आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यात नवी बाबीण घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा तोंडाला लावणार? आमची माणसे कमी पगाराच्या सूतखात्यात राहिली. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. लाल बावट्याखाली सगळे एक असतील, तर साचेखात्याचे दार आमच्यासाठी बंद का? वर्ग आणि जात ह्यावर आपण आज चर्चासत्रे घेतो. तो वाद आमच्या आज्याने भोंग्याच्या वेळेवर जगला. तो मंडणगडकडून आला, आयुष्यभर सूतखात्यात राहिला, आणि ह्यात काही अन्याय आहे हे त्याला बाबासाहेबांची सभा ऐकल्यावर कळले, असे आजी सांगायची.

बाबासाहेब स्वतः परळला पोयबावडीच्या बीआयटी चाळीत वीसेक वर्षे राहिले. 'मूकनायक' निघाला तेव्हा ते चाळकरी होते, महाडचा सत्याग्रह झाला तेव्हाही चाळकरीच. राजगृह नंतरचे. चाळीवरच्या विनोदी लेखनात, नाटकांत, मालिकांत हा चाळकरी कुठे दिसतो का, शोधून पाहा. मराठी माणसाची चाळ म्हटली की पेटी वाजवणारे काका आणि लोणचे घालणाऱ्या काकू. दया पवारांनी 'बलुतं'मध्ये कावाखाना लिहिला तेव्हा वाचकांना धक्का बसला, कारण मुंबईची ही वस्ती त्यांच्या आठवणीत नव्हतीच.

आणि आता १९७४. मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर दलित पँथरने बहिष्कार पुकारला होता. ५ जानेवारीला वरळीत सभा झाली. राजा ढाले, नामदेव ढसाळ बोलले. सभेवर दगड आले, मग लाठ्या, मग गोळीबार. रमेश देवरुखकर गेला. १० जानेवारीला परळच्या मोर्चात वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव गेला. दंगल पुढे नायगावपर्यंत पसरली. चौकशीला न्या. भस्मे आयोग बसला. दंगलीत कुठली चाळ कुणाची हे दगड मारणाऱ्याला बरोबर माहीत होते. आजी सांगायची, त्या दिवसांत आम्ही दिवे मालवून बसायचो, आणि पाण्याचे पिंप दाराला लावून ठेवायचो. दारे दिवसभर उघडी होती म्हणणाऱ्यांनी तो महिनाही मोजावा.

मग मला चाळ आवडत नव्हती का? आवडत होती, आणि इथेच माझी अडचण आहे. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री बारा वाजता जिन्याजिन्यातून उठणारा जयघोष, विहारातली रविवारची वंदना, लाइटखाली अभ्यासाला बसलेली पोरे, आणि माझी फी भरायला गॅलरीतल्या बायकांनी भिशीतून काढून दिलेले पैसे. त्या बायकांत दोन मराठा होत्या, हेही लिहिले पाहिजे. पण ही एकी चाळीच्या भिंतींतून आली नाही. ती चळवळीने घडवली, वर्गणी काढून, भांडून, कधी मार खाऊन.

आज पाचशे चौरस फुटांचे घर मिळते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. पाहुणे आले की पोराला गॅलरीत झोपावे लागणार नाही, बाईला रात्री सामाईक संडासाकडे जावे लागणार नाही. ज्यांनी तो संडास वापरलेला नाही त्यांनी चाळ वाचवा म्हणू नये. मी टॉवरच्या विरोधात नाही. मला प्रश्न पडतो तो चाळिसाव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या पेन्शनरला देखभाल खर्च झेपेल का, आणि जयंतीची मिरवणूक निघायची कुठून, हा. सोसायटीच्या पहिल्या बैठकीत विहाराच्या जागेचा विषय निघाला की "धार्मिक गोष्टी नकोत" असे कोणीतरी म्हणते, आणि दुसऱ्या बैठकीत गणपतीच्या मंडपाची जागा नकाशावर आधीच आखलेली असते.

दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बाबासाहेबांचा छापखाना जून २०१६ मध्ये पहाटेच्या अंधारात पाडला गेला. आपण मोर्चे काढले, पण आतले किती कागद आपल्याकडे नोंदलेले होते? म्हणून आम्ही काही जणांनी गेल्या वर्षीपासून एक वही केली आहे. दर रविवारी एका म्हाताऱ्या माणसाकडे जायचे आणि विचारायचे, कुठल्या गावाहून आलात, गिरणीत कुठल्या खात्यात होता, ७४ साली कुठल्या खोलीत होता, दीक्षेला नागपूरला गेला होतात का. आतापर्यंत एकतीस जण झाले. त्यातले चौघे वही भरून व्हायच्या आत गेले. पुढच्या रविवारी आम्ही ज्या आजीकडे जाणार आहोत, तिची इमारत रिकामी झाली आहे आणि ती सध्या संक्रमण शिबिरात सातव्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद असते, तेव्हा पाण्याची बाटली सोबत आणा.