बदलीचा हुकूम आणि सही करणारा हात

सरकारी नोकरीत ज्यांची वर्षे परमुलखात गेली, त्यांना बदलीचा महिमा सांगावयास नको. बदली कधी बढतीची पायरी असते, कधी वरिष्ठांच्या गैरमर्जीचे फळ असते, आणि कधी एखादे प्रकरण गाजावाजा न होता मिटविण्याचा तो सर्वांत सोपा उपाय असतो. माणूस गावातून हलला की त्या गावची तक्रार थंडावते. नव्या गावाला त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. या साध्या कारभारी युक्तीने एका प्राचीन धर्मसंस्थेत केवढा अनर्थ घडविला, हे अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या दप्तरांवरून दिसून येते. विषय अप्रिय खरा. तथापि ज्यांच्या हाती थोडाफार सहीचा अधिकार आहे, त्यांनी तो टाळू नये.

जॉन गेगन नावाच्या इसमास १९६२ साली कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा मिळाली. पुढील तीन दशकांत बॉस्टन धर्मप्रांतातील सहा धर्मग्रामांत त्याने काम केले. या काळात त्याने आपल्यावर लैंगिक अत्याचार केल्याचे पुढे १३० हून अधिक व्यक्तींनी सांगितले. त्यांतील बहुतेक त्या वेळी शाळकरी मुलगे होते. वरिष्ठांना याची गंधवार्ता नव्हती, असे म्हणावयास मात्र जागा नाही. १९८२ साली एका बाईने तत्कालीन कार्डिनल मेडेरोस यांना पत्र लिहून आपल्या नात्यातील सात मुलांवर गुदरलेला प्रसंग कळविला होता. १९८४ साली बर्नार्ड लॉ हे आर्चबिशप झाले, तेव्हा तिने त्यांनाही लिहिले. गेगनला त्या धर्मग्रामातून हलविण्यात आले आणि थोड्याच दिवसांत वेस्टन येथील दुसऱ्या धर्मग्रामात नेमण्यात आले. ही नेमणूक योग्य नव्हे, असा इशारा लॉ यांचेच एक साहाय्यक बिशप जॉन डार्सी यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात लेखी दिला. नेमणूक कायम राहिली. गेगन प्रकृतीने कामास योग्य असल्याचे डॉक्टरांचे दाखलेही दप्तरी होते. आणि कामात पडलेल्या खंडांची नोंद ‘आजारपणाची रजा’ अशा निरुपद्रवी शब्दांनी होत असे. कारभाराची भाषा किती सोज्ज्वळ असू शकते, याचा हा नमुना होय.

असे का घडले? लॉ आणि त्यांचे सहकारी दुष्ट होते, असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. परंतु कागद वाचता वेगळेच काही ध्यानात येते. संस्थेची अपकीर्ती टाळणे हे त्यांना आपले पहिले कर्तव्य वाटत होते. अपराधी धर्मगुरू हा त्यांच्या दृष्टीने उपचार व दया यांस पात्र असा आपला माणूस होता. मूल मात्र परके होते. तक्रार करणारी कुटुंबे बहुधा भाविक असत. पोलिसांकडे जाणे त्यांना धर्मद्रोहासारखे वाटे. जेथे नुकसानभरपाई दिली गेली, तेथे गुप्ततेची अटही घातली गेली. परिणामी प्रत्येक घराला वाटत राहिले की, हे दुर्दैव आपल्या एकट्याच्याच वाट्याला आले.

ही कोंडी फोडली ती न्यायालयाने व वृत्तपत्राने. ‘बॉस्टन ग्लोब’ने केलेल्या अर्जावर न्यायाधीश कॉन्स्टन्स स्वीनी यांनी नोव्हेंबर २००१ मध्ये मोहोरबंद कागद खुले करण्याचा आदेश दिला, आणि ६ जानेवारी २००२ पासून त्या पत्राची लेखमाला प्रसिद्ध होऊ लागली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लॉ यांच्याच हाताखालील ५८ धर्मगुरूंनी त्यांच्या राजीनाम्याची लेखी मागणी केली; १३ डिसेंबरला त्यांनी पद सोडले. संस्थेची लाज राखू पाहणारे जसे तिच्यात होते, तसे तिची लाज वाटणारेही तिच्यातच होते, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

पण राजीनामा म्हणजे जबाबदारी नव्हे. मॅसॅच्युसेट्सचे महाधिवक्ता थॉमस रायली यांनी जुलै २००३ च्या अहवालात, १९४० पासून किमान ७८९ जणांनी तक्रारी केल्याचे आणि सुमारे २५० धर्मगुरू व अन्य सेवकांवर आरोप झाल्याचे नमूद केले. तरीही वरिष्ठांवर खटला भरता आला नाही. कारण धर्मगुरूंनी अशा अत्याचाराची खबर दिलीच पाहिजे, असे बंधन त्या राज्याने घातले तेच मुळी २००२ मध्ये. गेगनला शिक्षा झाली आणि २००३ साली तुरुंगातच त्याची हत्या झाली. लॉ यांना मात्र २००४ साली रोममधील एका महान बॅसिलिकेचे प्रमुखपद मिळाले. बिशपांच्या परिषदेने जून २००२ मध्ये डॅलस येथे जी कडक नियमावली केली, तीत शासन होते ते धर्मगुरूंना. खुद्द बिशपांना नव्हे.

वरिष्ठांपर्यंत कायद्याचा हात पोहोचावयास वेळ लागला. फ्रान्समध्ये बिशप पिएर पिकाँ यांना खबर न दिल्याबद्दल २००१ साली तीन महिन्यांची स्थगित शिक्षा झाली होती. अमेरिकेत कॅन्सस सिटीचे बिशप रॉबर्ट फिन त्याच कारणास्तव २०१२ साली दोषी ठरले; तरी ते २०१५ पर्यंत पदावर राहिले. बिशपांविरुद्धच्या तक्रारींची, आणि त्यांनी चौकशी दडपल्याच्या आरोपांचीही, रीतसर पद्धत पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये घालून दिली.

आपल्याकडे १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आलेल्या ‘पोक्सो’ कायद्याने हा प्रश्न अधिक स्पष्ट शब्दांत सोडविला आहे. कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची खबर देणे प्रत्येकास बंधनकारक आहे. आणि कलम २१ प्रमाणे हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धर्मसंस्था, शाळा, वसतिगृह असा भेद त्यात नाही. अर्थात कायदा दप्तर उघडून देतो. पत्र वाचणारा माणूसच असावा लागतो.

डार्सी यांचे १९८४ चे ते पत्र अखेर जगाने वाचले. ज्या मुलांसाठी ते लिहिले होते, ती तोवर मोठी झाली होती.