मेढींचे खड्डे आणि अर्थनिर्णय

मेढींवर उभारलेल्या इमारतीचे लाकूड नष्ट झाले, तरी तिचा पाया जमिनीत उरतो. मेढ रोवण्यासाठी खड्डा खणावा लागतो. मेढ उभी केल्यावर तिच्याभोवती माती ठासून भरतात. कालांतराने लाकूड कुजते व त्याच्या जागी काळसर मातीचा डाग राहतो. हा डाग हाच उत्खननकर्त्याचा पुरावा होय. परंतु पुरावा सापडणे निराळे आणि त्याचा अर्थ लागणे निराळे.

जर्मनीतील कोलोन शहराच्या लिंडेनटाल भागात १९२९ ते १९३४ या काळात एका नवाश्मयुगीन वसाहतीचे उत्खनन झाले. तेथे मेढींच्या पाच समांतर रांगांच्या लांबलचक इमारती उजेडात आल्या. आतील तीन रांगा छपराचा भार पेलीत. बाहेरील दोन रांगा कुडाच्या भिंतींच्या होत्या. वेर्नर बुटलर व वाल्डेमार हाबेराय यांनी १९३६ मधील अहवालात या इमारतींना कोठारे ठरविले आणि भोवतालच्या वेड्यावाकड्या खड्ड्यांत माणसे राहत असावीत, असे मानले.

१९४२ मध्ये ओस्कार पारेट यांनी खड्ड्यांतील निवासाच्या या कल्पनेवरच आक्षेप घेतला. कुडाच्या लिंपणासाठी माती काढल्यामुळे असे खड्डे पडतात, हे पुढे सर्वमान्य झाले. ज्यांना कोठारे म्हटले, तीच घरे होती.

येथे चूक मोजणीत नव्हती, अर्थनिर्णयात होती. डागांची नोंद काळजीपूर्वक झालेली असल्यामुळेच ती चूक पुढे सुधारता आली.